पाणी बदल, स्पंजला हात लावू नकोस

ओंकार, तुझ्या माशांच्या नव्या टाकीबद्दल काल फोनवर तू मला दोन सल्ले ऐकवलेस. दुकानदार म्हणतो, महिनाभर पाण्याला हात लावायचा नाही, नाहीतर सायकल बिघडते. तुझा मित्र म्हणतो, पाणी दुधाळ झालंय तर सगळं ओतून टाक, वाळू नळाखाली धुऊन पुन्हा भर. तू दोन्ही ऐकू नकोस. पाणी आजच बदल, पण निम्मंच. आणि फिल्टरच्या स्पंजला, तळाच्या वाळूला अजिबात हात लावू नकोस. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एवढ्याशा सांगण्याचं कारण आहे. कारण नीट कळलं की पुढचा महिना तुझं तुला सुचत जाईल.

मासा श्वास घेतो तसा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं आणि त्याची घाण कुजते, त्यातूनही अमोनियाच होतो. तळ्यात तो कुठल्या कुठे विरून जातो. तुझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर 56 लिटर, पण वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की जेमतेम 45 लिटर पाणी. एवढ्या पाण्यात अमोनिया दोन दिवसांत कल्ले जाळायला लागतो. जुन्या टाकीत हे होत नाही, कारण तिथे जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात शिरलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, कल्ले तपकिरी पडतात आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. ही वस्ती बसेपर्यंतचा काळ म्हणजे सायकल. पाणी 25 ते 28 अंश असेल तर साधारण चार ते सहा आठवडे, थंडीत त्याहून जास्त.

आता खरा मुद्दा. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात, स्पंजच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, काचेवर, झाडांच्या पानांवर, पाइपच्या आत. बोट फिरवलंस की जो बुळबुळीत थर लागतो, तो त्यांचा. पाणी काढून टाकलंस तर त्यांच्यातले अगदी थोडे जातात. वाळू नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुतलीस तर मात्र वस्तीच उठते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

जुनं पाणी जपायची समजूत फार जुनी आहे. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने काचेच्या भांड्यात मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून दाखवलं, की समतोल साधला तर पाणी न बदलता सगळं जगतं. त्याच्यानंतर कितीतरी वर्षं लोक मुरलेल्या पाण्याला हात लावायला धजत नसत. आपले अण्णासुद्धा कुणाची नवी टाकी लागली की आपल्या टाकीतलं बादलीभर पाणी द्यायचे, आणि त्या बादलीत तळाची मूठभर वाळूही टाकायचे. ती टाकी लवकर बसायची ती त्या वाळूमुळे.

तू विचारशील, पाणी बदलून अमोनिया कमी केला तर जिवाणूंनी खायचं काय? अरे, अमोनिया काही साठवणीतून येत नाही, मासे तो चोवीस तास करतच असतात. पाण्यात पाव पीपीएम, म्हणजे लिटरमागे पाव मिलिग्रॅम, दिसत असला तरी जिवाणूंना पुरेसं मिळत असतं. दोन पीपीएम ठेवलास म्हणून ते दसपट वेगाने वाढणार नाहीत, मासे मात्र नक्की भाजतील.

दुकानदाराचं म्हणणं सगळंच खोटं आहे असंही नाही. ते मासे नसलेल्या टाकीला लागू पडतं. काही लोक टाकीत एकही मासा न सोडता, बाहेरून मोजून अमोनिया घालून सायकल करतात. तिथे कुणाचा जीव टांगलेला नसतो, म्हणून पाणी बदलायची घाई नसते. तोच नियम माशांच्या टाकीला लावला की मासे मरतात, आणि मग पोरं म्हणतात आमच्या हाताला मासे लाभत नाहीत. हाताचा काही संबंध नाही, संबंध आहे तो मोजण्याचा.

म्हणून आधी थेंबांची टेस्ट किट आण. कागदी पट्ट्या नकोत, त्यांचे रंग फार अंदाजे असतात, आणि पुष्कळ पट्ट्यांवर अमोनिया नसतोच, जो आपल्याला सगळ्यांत आधी हवा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, या चार गोष्टी मोजता आल्या पाहिजेत. रंग खिडकीपाशी दिवसाउजेडी बघ, ट्यूबलाइटखाली हिरवा आणि पिवळा यांत फसगत होते. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली आधी चांगली जोरात हलव, नाहीतर तळाशी बसलेलं औषध थेंबात येत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. रोज एकाच वेळी मोज आणि वहीत लिही. फोनमध्ये नको, वही टाकीशेजारीच ठेव म्हणजे सूनबाईलाही वाचता येईल.

नियम सोपा आहे. अमोनिया आणि नायट्राइट यांची बेरीज 0.5 पीपीएमच्या पुढे गेली की त्याच दिवशी पाणी बदलायचं. किती बदलायचं, तेही गणितच सांगतं. निम्मं बदललं तर निम्मं विष उरतं. 2 पीपीएम असेल तर 1 होतं, तेवढं पुरत नाही, काही तासांनी पुन्हा निम्मं बदललंस की 0.5 वर येतं. दहा-दहा टक्क्यांच्या बदलांनी मनाचं समाधान होतं, माशांचं होत नाही. आज तुझ्याकडे किट नाही आणि मासे वर येऊन तोंड मारतायत, म्हणून मोजायच्या आधीच निम्मं बदल म्हणाले.

दुधाळपणाची भीती सोड. नव्या टाकीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते होतंच. हे आपले कामाचे जिवाणू नव्हेत, कुजणाऱ्या खाण्यावर पाण्यात झपाट्याने वाढणारे दुसरे असतात. त्यांचं खाणं संपलं की काही दिवसांत पाणी आपोआप निवळतं. तेवढ्या दिवसांत माशांचं खाणं निम्म्यावर आण, किंबहुना एक दिवसाआड दे. एअर पंप मात्र रात्रंदिवस चालू ठेव, कारण ते जिवाणू प्राणवायू फार खातात. सगळं पाणी ओतून टाकणारी माणसं दर आठवड्याला दुधाळ पाणी बघत बसतात.

आता कुठलं पाणी घालायचं ते नीट ऐक, माझ्या मते निम्मी लढाई इथेच आहे. तुझ्या सोसायटीत सकाळी पवनेचं नळाचं, दुपारी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, अशी तीन तऱ्हेची पाणी एकाच गच्चीच्या टाकीत येतात. आज किती कुठलं आलं ते तुला कळत नाही. म्हणून पाणी बादलीत काढलं की आधी त्याचाही पीएच मोज.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. आपल्या पोटाला तो बाधत नाही, पण माशाचे कल्ले आणि स्पंजमधले जिवाणू दोघांनाही बाधतो. पावसाळ्यात नळाला वास येतो, टँकरच्या पाण्याला तर कधी ब्लीचिंग पावडरचा वास नाकात जातो, तेव्हा जास्तच जपायला हवं. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत चोवीस तास ठेव, आत एअर पंपाची नळी सोड, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाल. ते क्लोरीन क्षणात मारतं, पण अमोनियाचं काही करत नाही, हे ध्यानात ठेव.

आमच्या दादरला भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी येतं. सह्याद्रीच्या पावसाचं, मऊ. तुमचं बोअरचं जड, क्षारांचं, पीएच बहुधा 8 च्या आसपास. तुझ्या गप्पी आणि मॉलीला जड पाणी उलट मानवतं, त्याची काळजी नको. पण पीएचचं अमोनियाशी जे नातं आहे ते समजून घे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक जहाल. 25 अंशांना पीएच 7 असेल तर हजारात पाच-सहा भागच जहाल असतात, पीएच 8 झाला की तेच शंभरात पाच होतात. म्हणजे किटवर आकडा तोच, विष दहापट. तुझ्या बोअरच्या पाण्यात 0.5 ची वाट बघू नकोस, अमोनिया 0.25 च्या पुढे दिसला की बदल.

याच्या उलट फसगत मऊ पाण्यात होते. जिवाणू अमोनिया खाताना पाण्यातली अल्कता संपवत जातात, अमोनियातल्या दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे जवळजवळ सात मिलिग्रॅम. मऊ पाण्यात मुळात ती कमी, त्यामुळे पीएच घसरत 6 च्या खाली जातो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. अमोनिया साचत राहतो, पण तो निरुपद्रवी रूपात असल्यामुळे मासे ठीक दिसतात. अशा टाकीत कुणी एकदम 8 पीएचचं पाणी निम्म्यावर भरलं की साचलेला सगळा अमोनिया तासाभरात जहाल होतो. लोक म्हणतात, पाणी बदललं आणि मासे मेले. म्हणून टाकीचा आणि बादलीचा पीएच यांत एकाहून जास्त फरक असेल तर एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त नको, पण दिवसातून दोन-तीनदा कर. मी माझ्या फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत समुद्रावरचे धुतलेले शिंपले ठेवते, ते हळूहळू विरघळून अल्कता भरून काढतात. तुला बोअरच्या पाण्यात त्याची गरज नाही.

आरओचं पाणी घालू नकोस. शुद्ध म्हणजे माशाला चांगलं, असं नसतं. त्यात क्षार जवळपास नसतातच, पीएच कशाच्या आधाराने टिकणार? आणि आरओमधून वाया जाणारं जे पाणी आपण लादी पुसायला साठवतो तेही नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. बोअरच्या पाण्यात नायट्रेटही एकदा मोजून ठेव. मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, शेतीच्या भागातल्या विहिरींत ते कधी त्याहून जास्त निघतं. मूळ पाण्यातच नायट्रेट असेल तर टाकीतला आकडा बघून सायकल झाली असं तुला उगीच वाटेल.

पाणी बदलायला बसलास की आधी हीटरचा आणि फिल्टरचा प्लग काढ. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते, आणि ओल्या हाताने विजेशी खेळ नको. टाकीसाठी बादली वेगळी घे, तिला साबण कधीही लागता कामा नये. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव, हवं तर तिच्यावर रंगाने खूण कर. नळीत तोंडाने पाणी ओढू नकोस. नळी टाकीत पूर्ण बुडवून भरून घे, एका टोकाला अंगठा दाबून ते बादलीत खाली ने आणि सोड. तुला पाणी काढायचंय 22 लिटर, म्हणजे 20 लिटरची बादली भरून वर थोडंसं. नळीचं टोक वाळूच्या वर फिरव, दिसणारी घाण ओढून घे, पण पहिला महिना वाळूत खुपसू नकोस. नवं पाणी आणि टाकीतलं पाणी यांत आळीपाळीने हात घालून बघ, फरक जाणवला तर थांब. मे महिन्यात गच्चीच्या टाकीचं पाणी दुपारी कढत असतं, तेव्हा सकाळीच भरून ठेवत जा. ओतताना वाळूवर बशी ठेव आणि तिच्यावर सावकाश ओत.

स्पंज पहिला महिनाभर धुवायचाच नाही. अगदीच तुंबला, पाणी येईनासं झालं, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात बादलीतच दोनदा दाबून पीळ आणि लगेच परत लाव. नळाखाली नाही. फिल्टरची पुडी दर महिन्याला बदला असं डब्यावर छापलेलं असतं, ते पुड्या विकणाऱ्यांच्या सोयीचं. स्पंज फाटेपर्यंत चालतो.

वीज गेली तर मात्र तास मोज. हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबलं की काही तासांत आतला प्राणवायू संपतो आणि ते मरायला लागतात. वीज लांबली तर तो उघडून स्पंज काढ आणि टाकीतच मोकळा सोड. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू दे, फार महाग नसतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. लोक इथे कंटाळतात, कारण ते उतरायला जास्त दिवस घेतं. पाणी बदलणं चालू ठेव, आणि जोडीला टाकीला एक सपाट चहाचा चमचा साधं मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो. क्लोराइड आणि क्लोरीन एक नव्हेत, त्यामुळे घाबरू नकोस. निम्मं पाणी काढलंस की मीठही निम्मं गेलं, म्हणून पुढच्या वेळी अर्धाच चमचा. नायट्राइट शून्यावर आलं की मीठ बंद.

दुकानदाराने माशांबरोबर निळ्या औषधाची बाटलीही दिली असेलच. ती कपाटात ठेव. ते मेथिलीन ब्लू, आजारी माशासाठी वेगळ्या भांड्यात वापरायचं असतं. टाकीत घातलंस तर आपलेच जिवाणू मारतं. जिवाणूंच्या बाटल्यांविषयी विचारलंस. उन्हात, दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने राहिलेल्या बाटलीत जिवंत किती असेल याचा भरवसा नाही. शिवाय पुष्कळ वर्षं पुस्तकांत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं लिहिलेलं असायचं. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे काम करताना सापडला तो नायट्रोस्पायरा. 2015 मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या पाणी गाळायच्या यंत्रणेतून मिळाले. म्हणजे ज्याची आपल्याला गरज आहे, तो चालत्या फिल्टरमध्ये बसलेलाच असतो.

म्हणून या रविवारी इकडे ये. माझ्या मोठ्या टाकीत एक जादा स्पंज मी अशासाठीच चालू ठेवलेला आहे. नव्या टाकीला हेच विरजण. पिशवीत टाकीचंच थोडं पाणी घालून देईन, वर हवा राहू दे, गाडीत सावलीत ठेव आणि घरी पोचल्या पोचल्या तुझ्या फिल्टरशेजारी लाव. महिन्याचं काम आठवड्या-दीड आठवड्यात होईल. पण असा स्पंज कुणाकडूनही घ्यायचा नसतो, त्यांच्या टाकीत रोग असेल तर तोही येतो. मासे कसे पोहतात ते बघूनच घ्यायचा. येताना मनी प्लांटच्या दोन फांद्याही देते. मुळं तेवढी टाकीच्या पाण्यात सोड आणि पानं बाहेर राहू दे, मुळं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढून घेतात.

तुझ्या टाकीतला तो सकर मासा मात्र दुकानात परत दे. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारतात, पण तो फूटभराहून मोठा होतो आणि साफ करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. सायकलच्या काळात तर त्याचा भार फार. दुकानदार घेत नसेल तर इकडे घेऊन ये, मी मोठी टाकी असलेलं कुणीतरी शोधीन, पण मुळा-मुठेत किंवा पाषाणच्या तळ्यात सोडू नकोस. तो तिथे जगतो, वाढतो आणि आपल्या गावठी माशांची अंडी खातो. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

तुझ्या ऑफिसच्या टेबलावर फायटर ठेवायचा विचार आहे ना? ती टाकी मासा न आणता सायकल कर. अमोनियम क्लोराइडने 2 पीपीएम कर, रोज मोज, शून्यावर आलं की पुन्हा घाल. तिथे पाणी मधे बदलायचं ते दोनच कारणांनी, पीएच साडेसहाच्या खाली गेला तर, किंवा नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेलं तर. घातलेला 2 पीपीएम चोवीस तासांत पुरता संपला आणि नायट्राइटही शून्य आलं, की 80-90 टक्के पाणी एकदम बदल, कारण तोवर नायट्रेट भरपूर साठलेलं असतं. मग त्याच दिवशी मासा आण. रिकामी ठेवलीस तर जिवाणू उपाशी राहतील.

घरच्या टाकीत रोजचं खाणं देऊनही आठवडाभर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट हळूहळू चढतंय असं वहीत दिसलं की सायकल झाली. तरी लगेच डझनभर मासे आणू नकोस. दोन-तीन आण, दोन आठवडे थांब, मोज, मग पुढचे. जिवाणू जेवढं खाणं येतं तेवढेच असतात, त्यांनाही वाढायला वेळ लागतो. तिथून पुढे आठवड्याला पाव भाग पाणी. बिनमिठाचं, बिनऔषधाचं काढलेलं पाणी कुंड्यांना घाल, तुळस तरारून येते.

आणि दिवाळीला चार दिवस इकडे याल तेव्हा मासे उपाशी राहतील म्हणून शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊन ठेवू नकोस. प्रेमापोटी लोक मूठभर टाकतात. धडधाकट मोठा मासा चार दिवस न खाता आरामात राहतो. मन राहवतच नसेल तर कागदाच्या दोन पुड्या बांध, एकेकीत चिमूटभर खाणं, वर वार लिही, आणि डबा स्वतःबरोबर घेऊन ये.